आशाताईंची गृहभेट: बापानंही त्या दिवशी घरी थांबावं

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घरचा कापूस. मुलगा नुकताच वर्षाचा झाला. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आशाताई, म्हणजे गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा स्वयंसेविका, घरी येऊन मूल बघतात, पैसे लागत नाहीत. पहिल्या दोन भेटींना मी शेतात होतो. हे बायकांचं काम असंच धरून चाललो होतो. नवव्या महिन्याला पावसानं डवरणी थांबली, म्हणून घरी सापडलो.

ताईंनी वजन केलं, लसी पाहिल्या आणि माझ्या आईला विचारलं, "लेकराशी दिवसभर कोण बोलतं?" आई म्हणाली, "एवढ्याशा लेकराले काय समजते?" ताईंनी वाद घातला नाही. त्याच्या डोळ्यांदेखत एक वाटी रुमालाखाली झाकली. त्यानं रुमाल ओढला, वाटी उचलली आणि खदखदून हसला. आई बघतच राहिली. आम्ही तर त्याला मोबाइल दाखवून भरवत होतो! ताई म्हणाल्या, "घास देताना त्याला तुमचा चेहरा दिसू द्या, त्याच्याशी बोला."

आई त्याला डाळीचं वरचं पाणी पाजायची, पचायला हलकं म्हणून. ताईंनी सांगितलं, चमचा कलता केला तरी ओघळू नये इतका घट्ट वरणभात कालवा, त्यावर थोडं तेल किंवा तूप घाला. त्याची वाटी वेगळी ठेवा, म्हणजे पोटात किती गेलं ते कळतं.

मग माता-बाल संरक्षण कार्ड उघडलं. लस टोचून घेताना त्यावर तारीख पडायची, बाकी पानं आम्हाला कुणी दाखवली नव्हती. मूल कितव्या महिन्यात काय करतं, त्याच्याशी काय खेळायचं, सगळं चित्रांसकट त्यात आहे. नऊ महिने ते आमच्या पेटीत पडून होतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता अंघोळ मीच घालतो. "नाक कुठंय?" म्हटलं की तो माझंच नाक धरतो. आईनं रिकाम्या डब्यात तुरीचे दाणे भरून, झाकण पक्कं बसवून खुळखुळा केलाय.

एकच सांगणं आहे. भेट दुपारी होते, तेव्हा बाप शिवारात असतो. पंधराव्या महिन्याची भेट वेचणीच्या दिवसांत येतेय. ताईंना म्हटलंय, आदल्या दिवशी फोन करा, मी थांबतो.