कानाची टेस्ट करायला चांगलं सेंटर, रत्नागिरी

काकांना टीबीसाठी अमिकासिनची इंजेक्शनं चालू आहेत, कानात सारखी शिट्टी वाजते म्हणाले म्हणून मारुती मंदिरच्या बाजूला या सेंटरला नेलं. मॅडमनी छान समजावलं, की अमिकासिन, जेंटामायसिन असली औषधं आतल्या कानातल्या बारीक केसपेशी (ऐकण्याचं आणि तोलाचं काम करणाऱ्या) मारतात आणि त्या परत उगवत नाहीत, आधी एकदम उंच पट्टीतले आवाज जातात म्हणून घरी बोलताना काय कळतच नाय, जेंटामायसिननं तर जास्त करून तोल जातो. किडनी कमजोर असली की धोका अजून वाढतो. 8000 हर्ट्झच्या वरची, म्हणजे त्या एकदम उंच पट्टीतल्या आवाजांची टेस्टपण इथे होते, बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता तरी बूथमध्ये चिडीचूप! इंजेक्शन मनानं बंद करू नका, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या. पार्किंगची मात्र बोंब आहे, रिक्षाने जा.