न उघडलेल्या गिअरबॉक्सचे ३८,००० रुपये

माझी गाडी २००९ची, पेट्रोल, ऑटोमॅटिक. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डाव्या पायाने क्लच दाबवेना, म्हणून सेकंडहँड घेतली होती. गेल्या पावसाळ्यात खंबाटकीचा घाट चढताना तिचा जोर एकदम गेला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ओढ नाही, ‘डी’चा दिवा लुकलुकतोय, मागे ट्रकांची रांग. कशीबशी कडेला घेतली. पाच मिनिटं चावी बंद ठेवून चालू केली, तर जणू काही झालंच नव्हतं. आठवड्याने सिंहगड रोडला पुन्हा तेच.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, स्क्रीन स्वतःकडेच ठेवली. “काका, गिअरबॉक्स गेलाय. नवा घ्याल तर दीड लाख. मी व्हॉल्व्ह बॉडी बदलून देतो, ३८,०००मध्ये.” व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे गिअरबॉक्सच्या आतला, तेलाच्या दाबाने गिअर बदलणारा भाग. घाटातली भीती मनातून गेली नव्हती, मी हो म्हणालो. चार दिवसांनी गाडी मिळाली. जुना पार्ट मागितला, तर म्हणे कंपनीला परत जातो. स्कॅनरवर बिघाडाचा कोड काय आला होता? “तो क्लिअर केला.” पावतीवर फक्त ‘गिअरबॉक्स काम’.

बारा दिवसांत गाडी पुन्हा बसली.

मग ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने इंजिन चालू ठेवून हेडलाइट, एसी सगळं लावलं आणि मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी गिअरबॉक्सच्या धातूवर टेकवली. आकडा ०.९ व्होल्ट. “काका, हा ०.२च्या आत पाहिजे.” बॅटरीपासून गिअरबॉक्सकडे जाणारी अर्थिंगची पट्टी त्याने वाकवली, तशी हिरवी भुकटी त्याच्या बोटांना लागली. आतल्या तांब्याच्या तारा बहुतेक तुटलेल्या. पट्टी हलली की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला नीट व्होल्टेज मिळत नाही, मग तो गिअरबॉक्स वाचवायला गाडी एकाच वरच्या गिअरमध्ये अडकवतो. चावी बंद-चालू केली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ती आपोआप बरी व्हायची! नवी पट्टी, मजुरी धरून ६५० रुपये.

त्यानंतर त्याने गाडी जॅकवर घेऊन खाली टॉर्च मारला. या गाडीत व्हॉल्व्ह बॉडी काढायची तर गिअरबॉक्सचा चेंबर, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, उतरवावाच लागतो. चेंबरच्या एकाही बोल्टला पाना लागलेला नव्हता. प्रत्येकावर वर्षानुवर्षांचा तेलकट, वाळलेला चिखल. ते पाहून माझे हातपाय गार पडले.

जुनी ऑटोमॅटिक असलेल्यांना कळकळीने सांगतो, बिघाड येऊन-जाऊन असेल तर आधी बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग आणि पेट्रोलचं प्रेशर मोजून घ्या. गिअरबॉक्सला हात सगळ्यात शेवटी. कोड पुसू देण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा, गाडी सोपवताना चेंबरच्या बोल्टांचाही काढा. जुना पार्ट परत मिळेल, हे आधीच लिहून घ्या. मी यातलं काहीच केलं नाही.

सुदैवाने पैसे यूपीआयने दिले होते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. एवढ्या रकमेला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. इलेक्ट्रिशियनने जे पाहिलं ते लेखी द्यायची तयारी दाखवली आहे, आणि जुनी पट्टी मी पिशवीत घालून जपून ठेवली आहे.