घरघंटी, आठ महिन्यांनंतर: वीज नेमकी कुठे जाते?

घरघंटी घ्यायची ठरली तेव्हा आईचा पहिला प्रश्न, "अगं, बिल किती येणार?" दुकानदाराने "पंख्याएवढं हो ताई" असं ठोकून दिलं. मोटर एक हॉर्सपॉवरची, म्हणजे ७४६ वॅट. पंखा असतो ७५ वॅटचा. म्हटलं, मोजूनच बघू. प्लगला लावायचा वॅटमीटर आणला आणि तेव्हापासून दळणाची वही ठेवली आहे. घरात या वहीची यथेच्छ टिंगल झाली.

गहू, पोळ्यांची बारीक जाळी: पाच किलोला ४० मिनिटं, ०.६६ युनिट. तेच गहू रव्याच्या जाळीवर: १६ मिनिटं, ०.२५ युनिट. धान्य तेच, मोटर तीच, फरक फक्त जाळीचा.

या यंत्रात जातं नसतं. पाती गरगर फिरतात, दाणा आपटून फुटतो आणि जाळीतून निसटण्याइतका बारीक होईपर्यंत आतच मार खात राहतो. रिटिंगर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १८६७ मध्ये मांडलं होतं की दळायला लागणारी ऊर्जा नव्याने उघड्या पडणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रमाणात वाढते. बाँड या अमेरिकन अभियंत्याने १९५२ मध्ये वेगळा नियम दिला, त्यात कणाच्या आकाराचं वर्गमूळ येतं. खनिजं दळणाऱ्या गिरण्यांचा हिशोब आजही त्यावर करतात. दाणा ४ मिमी, रवा अर्धा मिमी, कणीक ०.१५ मिमी धरली तर कणकेला रव्यापेक्षा रिटिंगरच्या हिशोबाने साडेतीन पटींहून जास्त वीज लागायला हवी, बाँडच्या हिशोबाने सव्वादोन पट. माझ्या वहीत २.६ पट. मोटर नुसती फिरायला जी वीज खाते तीही यात आहे, त्यामुळे फार ताणत नाही. पण ओट्यावर हे जुळलेलं पाहून मला जो आनंद झाला, तो आईला काही केल्या कळेना.

यातली नवा पृष्ठभाग तयार करायला खरी लागणारी वीज फारच थोडी. बाकीची उष्णता आणि आवाज होऊन जाते. दळण संपल्यावर डब्यात हात घाला, पीठ कोमट लागतं. आवाजाबद्दल तर बोलायलाच नको; दुपारी शेजारच्या काकूंची झोप सांभाळून दळावं लागतं.

खरा धडा पावसाळ्यात मिळाला. मोदकांच्या पिठीसाठी तांदूळ धुऊन पंख्याखाली पंच्यावर रात्रभर सुकवले. हाताला कोरडे लागले, म्हणून टाकले. दोनच मिनिटांत मोटरचा सूर खाली आला, मीटर १३०० वॅटच्या वर गेला आणि ओव्हरलोडचं बटण फट्कन बाहेर आलं. उघडून बघते तर जाळीवर खळीसारखा लेप. जुन्या टूथब्रशने खरवडत बसले. कोरडा दाणा तडकतो, ओलसर दाणा नुसता दबतो. मार तेवढाच, फुटणं कमी. भाजणीचं नेमकं उलट. भाजून पाणी गेलेलं असतं, त्यामुळे दोन किलो भाजणी अकरा मिनिटांत होते, गव्हाला सोळा लागतात.

आता पैशांचं. किलोमागे वीज साधारण १.३० रुपये (युनिटला १० रुपये धरून), आमच्या गिरणीत दळणावळ ७ रुपये. महिन्याला वीस किलो दळलं तर ११४ रुपये वाचतात. यंत्र पडलं १८,५०० ला, म्हणजे वसूल व्हायला साडेतेरा वर्षं! पैसे वाचवायला घेत असाल तर घेऊच नका. त्यात सहाव्या महिन्यात बारीक जाळी फाटली, आणि जाळी वॉरंटीत येत नाही हे आम्हाला तेव्हा कळलं. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की मोटर नुसती घुमते, म्हणून दळण सकाळीच.

मग ठेवली कशाला? ज्वारीसाठी. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा चिरतात. आता दोन दिवसांपुरतं पीठ करते, भाकरी न चिरता परातभर थापली जाते आणि तव्यावर टम्म फुगते.

मिरची-हळद मात्र कांडपालाच. हळकुंड घालून बघायच्या भानगडीत पडू नका, पाती वाकतील.