घरात असताना दार: उघडं, पुढं केलेलं, की कडी लावून?

भाचीची साताऱ्याला बदली झाली. शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यावा, की शनिवार पेठेत आमच्या सासूबाईंच्या वाड्यातल्या पुढच्या दोन खोल्यांत राहावं, यावर आठवडाभर खल चालला होता. भाडं, पाणी, गाडी लावायची जागा, सगळं बोलून झालं. मग तिनं हळूच विचारलं, "मावशी, तू दिवसा घरात असताना दाराला कडी लावतेस?"

मी म्हटलं, "लावते."

सासूबाई तिथंच शेंगा फोडत बसल्या होत्या. "घरात माणसं असताना कडी कशाला? आलेल्या माणसानं काय दारात उभं राहून धोंडे मारायचे?"

आमच्या दोघींचंही बरोबर आहे, आणि तीच अडचण आहे. त्यांचं दार वाड्यातलं, माझं फ्लॅटचं. शिवाय "लावायची की नाही" असं विचारलं की फसायला होतं. सताड उघडं, नुसतं पुढं केलेलं, लाकडी दार उघडं ठेवून जाळीचं लावलेलं, लॅच ओढलेलं, आतून कडी घातलेलं आणि आतून चक्क कुलूप ठोकलेलं, असं दार सहा तऱ्हांनी असतं. एकेक तऱ्हा बघू.

सताड उघडं आणि पुढं केलेलं, या दोन्ही वाड्यातल्या सवयी. पूर्वी दिंडी दरवाजातून आत आलेल्या माणसाला आधी चौक ओलांडावा लागायचा. ओसरीवर कुणीतरी निवडत-टिपत बसलेलं असायचं, ते विचारायचं, "कोण पाहिजे?" खोलीचं दार उघडं असलं तरी वाडा बंदच असायचा. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्या वाड्यात नऊ बिऱ्हाडं होती. आज तीन आहेत, त्यातलं एक दिवाळीपुरतं येतं. दुपारी दोन ते चार ओसरीवर फक्त मांजर असतं. दार तेच, सवय तीच, विचारणारं माणूस मात्र गेलं. "आम्ही पन्नास वर्षं कधी कडी लावली नाही" हे खरं आहे, पण ती पन्नास वर्षं राखण त्या ओसरीनं केली.

पुढं केलेलं दार तर मला सताड उघड्यापेक्षाही वाईट वाटतं. सताड उघडं असलं की आपलं लक्ष तिकडं राहतं. लोटलेलं असलं की मनाला वाटतं, दार लावलंय.

आमच्याकडचीच गोष्ट सांगते. मी गच्चीवर कपडे काढायला गेले होते, दार पुढं करून. खाली आले तर टेबलावर चार्जिंगची वायर होती, मोबाइल नव्हता. मधे पाचेक मिनिटं गेली असतील. जिन्यात मला एक माणूस भेटलाही होता, हातात कसलीशी फाइल. "देशपांडे इथंच राहतात ना?" असं त्यानं विचारलं आणि मी त्याला "नाही हो, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये बघा" म्हणून वाट दाखवली. भुरट्या चोराला कुलूप फोडायला येत असेलच असं नाही. त्याला फक्त एक आडनाव लागतं.

कायद्याच्या आणि विम्याच्या बाजूनंही इथं फरक पडतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. उघड्या दारातून येऊन राहत्या घरातली वस्तू नेली की ती कलम ३०५ खालची चोरी, तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा. बंद दार उघडून आत शिरला की प्रकरण घरफोडीत जातं. गुन्हा दोन्हीकडे आहेच, दार उघडं होतं म्हणून चोर सुटत नाही. पण घरफोडीच्या विम्यात बहुतेक ठिकाणी जबरदस्तीनं आत शिरल्याची खूण मागतात: मोडलेला कोयंडा, उचकटलेली चौकट. लोटलेल्या दारातून गेलेल्या दागिन्यांना अशी खूण कुठून आणायची? पॉलिसी घेतलेली असेल तर हे एकदा वाचून ठेवावं.

जाळीचं दार दिवसासाठी मला सगळ्यांत पटतं. एप्रिल-मेमध्ये साताऱ्यात संध्याकाळी वारा सुटतो, तो अडवून आत पंखा लावून बसणं जिवावर येतं. लाकडी दार उघडं, जाळीचं लावलेलं. वारा येतो, आलेला माणूस दिसतो, बोलता येतं, आणि मांजराची दुधाच्या पातेल्यावरची वहिवाटही बंद होते. सासूबाईंचा "माणसाला दारात ताटकळत ठेवायचं का" हा आक्षेपही निम्मा संपतो, कारण जाळीतून "या, आलेच" म्हणता येतं.

पण जाळीचं दार करून घेताना एक बघायचं. कडीच्या आसपास जाळीतून हात जातो का? मी निम्म्याहून जास्त घरांत असं दार पाहिलंय की बाहेरून चार बोटं घालून आतली कडी सरकवता येते. फॅब्रिकेटर आपल्या सोयीनं कडी मधोमध लावतो. कडीभोवती वीतभर तरी पत्रा मारून घ्यायचा, आणि पत्र्याच्या कडेनं फटही ठेवायची नाही. घरफोडी म्हणजे काय हे समजावताना जुन्या भारतीय दंड संहितेत एक उदाहरण दिलं होतं: दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलणारा चोर. कायदा १८६० चा. म्हणजे ही युक्ती तेव्हाही जुनीच असणार.

लॅच ही फ्लॅटची खासियत. दार ओढलं की आपोआप लागतं. आतून मूठ फिरवली की उघडतं, बाहेरून किल्ली लागते. विसरभोळ्यांना वरदान. आणि तीच त्याची खोड. एकदा मी गॅसवर दूध ठेवून दारातली पेपरची गुंडाळी उचलायला बाहेर पाऊल टाकलं. वाऱ्यानं दार धाडकन लागलं. मी गाऊनवर, अनवाणी, किल्ली आत, मोबाइल आत. दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि गॅस तसाच चालू राहिला तर काय, हे तेव्हा डोळ्यांपुढं आलं. समोरच्या वहिनींकडे आमची जादा किल्ली होती म्हणून निभावलं. पातेलं मात्र पार करपलं.

तेव्हा लॅच असेल तर किल्लीची एक जोडी घराबाहेर, विश्वासाच्या घरी असायलाच हवी. कुंडीखाली नको, मीटरच्या पेटीतही नको. तिथं सगळ्यात आधी चोरच बघतो. दुसरं असं की नुसत्या ओढलेल्या लॅचची जीभ तिरपी असते, फट मोठी असली तर कडक प्लॅस्टिकच्या पट्टीनं ती मागं ढकलता येते. म्हणून रात्री लॅचवर विसंबू नये.

आता आतली कडी. रात्री ती हवीच, यावर माझ्या आणि सासूबाईंच्यात वाद नाही. त्यांच्याकडे तर लाकडी आगळ आहे, भिंतीतल्या खोबणीतून ओढायची. बाहेरून धडका मारल्या तरी ती हलत नाही. आणि नेमकं यानंच एकदा आम्हाला रडवलं.

वाड्यातल्या मागच्या खोलीत एक आजी एकट्या राहायच्या. सकाळी दूधवाल्यानं हाक मारली, आतून नुसतं कण्हणं आलं. मोरीत पाय घसरून पडल्या होत्या, उठता येत नव्हतं. दाराला आतून वरची कडी, खालची कडी आणि मधे आगळ. किल्ली माझ्याकडे होती, पण तिचा उपयोग काय? सुताराला बोलावलं. त्यानं आधी पटाशीनं चौकट खरवडून बघितली, मग पहार लावली. जुनं सागवान, दाद देईना. शेवटी मागच्या खिडकीचे गज कापून एका पोराला आत सोडलं. अर्धापाऊण तास आजी ओल्या फरशीवर पडून होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. नंतर त्या म्हणायच्या, "चोर आला असता तर बरं झालं असतं, कुणी तरी आत तरी आलं असतं."

आई-वडील साताऱ्यात आणि मुलं पुण्यात, अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. मुलं फोनवर सांगतात, "आई, सगळ्या कड्या लावून घे." सांगताना प्रेम असतं, पण अर्धाच विचार असतो. एकट्या वयस्कर माणसासाठी माझं मत स्पष्ट आहे: कडीपेक्षा चांगलं, दोन फेऱ्यांचं, बाहेरून किल्लीनं उघडणारं कुलूप बरं. त्याची एक किल्ली शेजारी. आणि कडी घालायची सवय मोडतच नसेल तर खालची एकच घालावी, वरची नाही. बाथरूमला तर आतून कडी लावूच नये. घरात दुसरं असतं कोण?

लहान मूल असेल तर उलटं. कड्या जेवढ्या वर तेवढ्या बऱ्या. आई गॅलरीत आणि दोन वर्षांचं पोर आतून कडी घालून टाळ्या पिटतंय, हा खेळ ज्यांच्याकडे झालाय त्यांना जास्त सांगायला नको.

साताऱ्याच्या पावसाची एक खास भानगड. जूनच्या शेवटाला लाकडी दार फुगतं, कडीची दांडी आणि भोक यांची गाठ पडेनाशी होते. मग लोक "दार घट्ट बसलंय, जातंय कुठं" म्हणत दिवाळीपर्यंत कडीच लावत नाहीत. रंधा मारून घ्यायची घाई करू नका, उन्हाळ्यात दार आकसून बोटभर फट पडते. कानशीनं भोक थोडं मोठं करून घ्या, तेवढ्यानं भागतं.

आतून कुलूप लावून झोपणारी माणसंही मला माहीत आहेत. ग्रिलला आतून कुलूप, किल्ली उशीखाली. हे करू नका. सिलिंडरनं पेट घेतला, शॉर्टसर्किट झालं, घरभर धूर झाला, तर अंधारात उशीखालची किल्ली शोधून कुलपाचं भोक शोधायचं, हे जमत नाही. ग्रिलला कुलूप हवंच असेल तर किल्ली दाराशेजारी खिळ्याला, बाहेरून हात पोचणार नाही अशी, आणि घरातल्या सगळ्यांना अंधारात सापडेल अशी.

बाहेरच्या कडीकडे मात्र कुणाचंच लक्ष जात नाही. चोर एक घर फोडण्याआधी शेजारच्या घरांना बाहेरून कड्या घालतात, म्हणजे आरडाओरडा झाला तरी मदतीला कुणी बाहेर येऊ शकत नाही. त्यावर उपाय बिनपैशाचा. रात्री कुलूप बंद करून बाहेरच्या कोयंड्यातच अडकवून ठेवायचं. कोयंडा भरलेला असला की त्यावर कडी बसत नाही. कुणी कोंडलंच तर ११२ लावायचा, आणि त्यासाठी मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला न ठेवता उशाशी ठेवायचा.

आणि दागिने पॉलिश करून देणारे? त्यांना कुठलीच कडी अडवत नाही. ते बेल वाजवतात, गोड बोलतात, आधी देवाची पितळी समई चकचकीत करून दाखवतात, मग म्हणतात, "काकू, बांगड्या पण द्या." पुढचं सगळ्यांना माहीत असूनही दर वर्षी कुणीतरी बांगड्या काढून देतंच. अशा माणसासाठी दाराला भिंग आणि साखळी हवी. सासूबाईंना साखळी म्हणजे अपमान वाटतो. "माणसाचं अर्धं तोंड बघून बोलायचं?" त्यांचं माहेर फलटणचं. माउलींची पालखी मुक्कामाला यायची तेव्हा अनोळखी वारकरी सोप्यावर पथारी टाकायचे, घरातली माणसं स्वयंपाकघरात झोपायची, आणि सकाळी एक भांडं इकडचं तिकडं झालेलं नसायचं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणते की वारकरी गावाच्या देखत यायचे. दुपारी तीनला एकटीनं असताना बेल वाजवणाऱ्याला कोण बघतंय?

तर भाचीसाठी. फ्लॅट घेतलास तर दिवसा लॅच, आणि पहिल्याच आठवड्यात समोरच्या घराशी ओळख कर, किल्ली द्यायला कुणीतरी हवं. रात्री लॅचच्या जोडीला कडी. फ्लॅटमध्ये दार बंद ठेवायचं शिकवावं लागत नाही, शेजारी कोण हे मात्र वर्षवर्ष कळत नाही, तो तोटा मोठा. वाड्यात राहिलीस तर पुढच्या दाराला जाळीचं दार करून घे, पत्रा मारलेलं, आणि गच्चीवर किंवा मागं आडावर जाताना दार पुढं करून जायचं नाही, कडी घालून जायचं. हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर असलीस तर दार उघडं चालेल, त्यापलीकडे गेलीस तर लावायचं. मी स्वतः हाच हिशेब धरते.

तिनं वाडा घेतला. पहिल्या तारखेला जाळीचं दार बसलं, सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. फॅब्रिकेटर गेल्यावर त्या उठल्या, बाहेरून जाळीत बोटं घालून बघितली, पत्र्याला अडली. "हं," म्हणाल्या, आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून त्यात भाचीची जादा किल्ली ओवली.