‘आफ्रिकन बफर’ म्हणून साधं मीठ विकलं जातंय, जपून!

आफ्रिकन सिक्लिड (आफ्रिकेतल्या सरोवरांतले शोभेचे मासे) पाळणाऱ्यांनी, विशेषतः मुंबईच्या पाण्यावर पाळणाऱ्यांनी, हे जरूर वाचावं. ‘आफ्रिकन बफर सॉल्ट’ (पाण्याचा पीएच टिकवून धरणारे क्षार) म्हणून ४५० रुपये किलोने जी पांढरी पावडर मला विकली गेली, ती साधं मीठ निघाली. तिच्यापायी माझे जवळपास सगळे डेमासोनी जातीचे मासे गेले. इलेक्ट्रिक यलो ही जात त्यातल्या त्यात काटक, म्हणून ते वाचले.

आपल्याकडे नळाला तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी येतं. पावसाचं साठवलेलं, मऊ पाणी. मलावी सरोवराचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ आणि केएच (पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद) ६ ते ८ डिग्री असतो. टांगानिका सरोवराचा पीएच तर ९ च्या आसपास. त्यामुळे आपल्या पाण्यात काहीतरी घालावं लागणार हे खरंच आहे, आणि नेमक्या या गरजेवर हा धंदा चालतो.

दुकानदाराने माझ्यासमोर ग्लासभर पाणी घेतलं, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटर बुडवला. आकडा शंभराच्या आत. चिमूटभर पावडर टाकून ढवळलं, आकडा सातशेच्या वर गेला. “बघा साहेब, हार्डनेस किती वाढला! आता मलावीचं पाणी झालं.” शेजारी उभे असलेले दोघे-तिघेही मान डोलवत होते. मग त्याने पीएचचा पेन बुडवला, ८.२. सगळं डोळ्यांदेखत.

फसवणूक इथेच आहे. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. मीठ टाका, आकडा उडणारच. पण कठीणपणा, म्हणजे जीएच, येतो कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे आणि पीएच धरून ठेवणारा केएच येतो मुख्यतः बायकार्बोनेटमुळे. मिठात दोन्ही नाहीत. पेनचं म्हणाल, तर पुढे मी पीएच नेमका ६.८६ असलेलं, पेन तपासायचं प्रमाण द्रावण घेऊन त्याच दुकानात गेलो आणि पेन त्यात बुडवायला लावला. पेनवर आलं ८.१.

घरी आधी मासे पंख मिटून कोपऱ्यात थांबू लागले, मग जागच्या जागी थरथरू लागले. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे हाच केएच, खातात: १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम. आफ्रिकन टँकमध्ये मारामाऱ्या कमी व्हाव्यात म्हणून मासे दाटीने ठेवतात, त्यामुळे हा खर्च मोठा. केएच भरला गेला नाही तर पीएच घसरतच जातो. माझा साडेसहाच्या खाली गेला होता आणि टीडीएस मात्र नऊशे दाखवत होता.

यावर त्याच दुकानदाराने दिलेला सल्ला मला सगळ्यात जास्त संतापजनक वाटतो. “डोस डबल करा आणि ही पीएच वाढवायची बाटली एका दिवसात ओता.” अहो, पीएच कमी असतो तेव्हा साठलेला अमोनिया बहुतांश अमोनियमच्या रूपात, कमी विषारी असतो. २५ अंशाला पीएच ७ असताना त्यातला अर्धा-एक टक्का विषारी, ८ ला पाच टक्क्यांच्या वर, ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. ती बाटली एकदम ओतली असती तर उरलेले मासेही त्याच रात्री गेले असते. मासे विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, असं मी मानत नाही.

पावडर तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. आरओचं पाणी घेतलं, त्यात चमचाभर पावडर विरघळवली आणि थेंबांच्या टेस्ट किटने पाहिलं. केएचमध्ये निळ्याचं पिवळं व्हायला जितके थेंब लागतील तितक्या डिग्री. इथे पहिल्याच थेंबाला परीक्षानळी पिवळीधमक. जीएचमध्ये पहिल्याच थेंबाला हिरवी. म्हणजे दोन्ही नावालाही नाहीत. पावडरीवर व्हिनेगर टाकलं, एक बुडबुडा नाही. खरा कार्बोनेट-बायकार्बोनेट बफर फसफसतो. मग तेच पाणी स्टीलच्या ताटलीत घेऊन सावकाश सुकू दिलं आणि भिंगातून पाहिलं. ताटलीच्या कडेला बारीक, स्वच्छ चौकोनी खडे. मिठाचेच. त्याच्याकडूनच घेतलेल्या ‘कोरल सँड’वरही व्हिनेगर टाकून पाहिलं, तीही ढिम्म. साधी पांढरी वाळू होती.

आता मी बदलायचं पाणी बादलीतच तयार करतो. १०० लिटरला साधारण ३ ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की केएच एक डिग्री वाढतो, आणि सुमारे साडेचार ग्रॅम एप्सम सॉल्टने (मॅग्नेशियम सल्फेट) जीएच एक डिग्री. आधी नळाचं पाणी मोजायचं, मग कमी पडेल तेवढंच घालायचं. पीएच घसरलेल्या टँकमध्ये आधी अमोनिया तपासायचा आणि थोडं थोडं पाणी बदलत काही दिवसांत वर न्यायचं. माझ्याकडे पीएच आता ८.२ च्या आसपास टिकतो. खर्च त्या पावडरीच्या पासंगालाही पुरत नाही.

त्या पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, तारीख, घटक, काहीच नव्हतं, नुसता रंगीत स्टिकर. पाकीटबंद मालावर उत्पादक किंवा पॅक करणाऱ्याचा पत्ता, निव्वळ वजन आणि एमआरपी छापणं कायद्याने सक्तीचं आहे. पक्कं बिल मागितलं तर “माशांच्या धंद्यात बिल नसतं” म्हणाला आणि वहीच्या कागदावर आकडा लिहून दिला. तो कागद, पाकीट आणि टेस्टचे फोटो मी जपून ठेवलेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, त्यामुळे तिकडेही जाणार आहे. तशीच पाकिटं कुणाकडे असतील तर फेकू नका. त्यातली चमचाभर पावडर आधी तपासा आणि पाकीट स्टिकरसकट ठेवून द्या, तक्रारीला लागेल.