तारकर्ली: जेवण झकास, फोनवरची ऑर्डर रामभरोसे

संकष्टी फक्त आईची होती. फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, एक ताट उपासाचं. दुपारी चौघांपुढेही साबुदाण्याची खिचडी आली! शेजारच्या टेबलावर बांगड्याचं तिखलं, तिरफळाचा घमघमाट. आमचा धाकटा तर रडायलाच आला. विचारल्यावर मालकीणबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अरे देवा, माका वाटला सगळ्यांचो उपास!" वीसेक मिनिटांत तीन थाळ्या हजर, जादा खिचडीचे पैसे घेतले नाहीत. सोलकढी ताज्या नारळाची, मागाल तितकी. खोली स्वच्छ, गिझर मात्र नावापुरता. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मालवण जेटीवरून सुटते, पावसाळ्यात बंद असते. जेवण इथे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच सांगा.