कंबरदुखी, ट्रामाडॉल आणि विजापूर रस्त्यावरचा आठ आठवड्यांचा वर्ग

मणक्याची शस्त्रक्रिया होऊनही माझ्या कंबरेची कळ गेली नाही आणि तीन वर्षे मी ट्रामाडॉल या वेदनाशामक औषधाच्या ५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या रोज घेत होते. सोलापुरातील विजापूर रस्त्यावरच्या एका फिजिओथेरपी केंद्राने अशाच रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केल्याचे कळले, तेव्हा मी नाव नोंदवले. आठवड्यातून दोनदा दीड तास, दहा-बारा जण, आणि त्याच वेळेत व्यायामाबरोबर सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, सराव असे त्याचे स्वरूप आहे. वर्ग संपून पाच महिने झाले; तेवढा काळ गेल्याशिवाय त्याविषयी लिहायचे नाही, असे मी ठरवले होते.

ट्रामाडॉल हे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या गटातील औषधांसारखे काम करणारे औषध आहे, हे पहिले वर्षभर मला ठाऊकच नव्हते. एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले. बद्धकोष्ठ आणि दिवसभराची सुस्ती यांना कंटाळून एकदा मी सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या आणि दुसऱ्याच रात्री घाम, जुलाब व पायांची तळमळ यांनी हैराण झाले. तो माझ्या मनाचा दुबळेपणा नव्हता. शरीराला झालेली सवय अचानक तोडली की असेच होते. आधी एका ठिकाणी मात्र मला "गोळी सोडा आणि मग व्यायामाला या" असे सांगण्यात आले होते, आणि त्या एका वाक्यापायी माझे वर्ष वाया गेले.

या केंद्राने पहिल्याच दिवशी सांगितले, "गोळी तुमच्या डॉक्टरांची, ती आम्ही कमी करणार नाही आणि तुम्हीही परस्पर करायची नाही." त्यांनी आमच्याकडून डॉक्टरांची चिठ्ठी मागून घेतली व दर पंधरवड्याला त्यांना प्रगती कळवली. माझी गोळी सावकाश परिणाम करणाऱ्या प्रकारची होती आणि तशी गोळी तोडायची नसते, म्हणून डॉक्टरांनी साधी गोळी लिहून दिली व अर्ध्या गोळीच्या पायरीने, प्रत्येक पायरीवर काही आठवडे थांबत, मात्रा उतरवली.

सरावाची सुरुवात आडवे पडून होते. गुडघ्यांखाली गुंडाळलेली सोलापुरी चादर, डोळे मिटलेले, आणि पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका भागाकडे लक्ष न्यायचे. कंबरेशी आल्यावर फिजिओ मॅडम म्हणाल्या, "दुखणं कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, ते नुसतं बघा. घालवायचं नाही." माझी समजूत होती की माझी सगळी कंबर दुखते. त्या दिवशी कळले की ठणका उजवीकडे डब्याच्या झाकणाएवढ्या जागेत आहे, आणि त्याच्या भीतीने डावा खांदा, जबडा व पोट मी आवळून धरले आहे. एवढे दिसल्यावर आवळलेले सैल करता येते, आणि सैल झालेल्या अंगाने व्यायाम वेगळाच होतो.

या वर्गाचे खरे वेगळेपण मला बादलीच्या सरावात दिसले. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी भरून ठेवण्याच्या धावपळीत कंबर हमखास जाते. त्या दिवशी माझी एक गोळी जास्त व्हायची. मॅडमनी तिसऱ्या आठवड्यात वर्गातच बादल्या आणल्या. आधी रिकामी, मग पाव, मग अर्धी. पाठीतून न वाकता खुब्यातून वाकायचे, कडी धरल्यावर एक श्वास थांबायचे, श्वास सोडत उचलायचे आणि त्या क्षणी मनात काय येते तेही पाहायचे. माझ्या मनात दर वेळी "आता चमक भरणार" हेच यायचे, आणि बादली हलण्याआधीच पाठ ताठ व्हायची. सहाव्या आठवड्यापर्यंत अर्धी बादली मी त्या भीतीसह, पण पाठ न आवळता, उचलू लागले. घरी अजूनही मी भरलेली बादली उचलत नाही. अर्ध्या बादलीच्या दुप्पट खेपा घालते.

गोळीसाठी एक वही दिली होती. गोळी घ्यावीशी वाटली की वेळ लिहायची, तीन मिनिटे श्वासाकडे लक्ष द्यायचे आणि मग ठरलेली वेळ झाली असेल तर गोळी घ्यायची. त्या वहीतून मला कळले की दुपारची गोळी मी पुष्कळदा कळ आल्यावर नव्हे, ती येईल या धास्तीने घेत होते. आज सातव्या महिन्यात चाराच्या दोन गोळ्या झाल्या आहेत. कळ पूर्ण गेलेली नाही, आणि तशी हमी केंद्राने दिलीही नव्हती, हे मला महत्त्वाचे वाटते.

अशा सरावाला अभ्यासाचा आधार आहे. वेदनेसाठी दिलेल्या ओपिऑइडचा गैरवापर होत असलेल्या २५० रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सजगतेवर आधारित गटातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा गैरवापर नऊ महिन्यांनंतर थांबलेला होता, तर साध्या गटचर्चेच्या गटात हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. तो कार्यक्रम फिजिओथेरपीचा नव्हता, म्हणून तेच आकडे या वर्गाला चिकटवणे योग्य होणार नाही. महाराष्ट्राला इगतपुरीमुळे परिचित असलेले विपश्यना ध्यानाचे शिक्षक सत्यनारायण गोएंकाही तरुणपणी डोकेदुखीसाठी मॉर्फिन घेत होते, आणि केवळ डोकेदुखी घालवायला आलात तर शिकवणार नाही, असे त्यांच्या गुरूंनी, उ बा खिन यांनी, त्यांना आधी सांगितले होते. वर्गात मला त्याची वारंवार आठवण झाली.

तक्रारी दोन आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. वर्ग पहिल्या मजल्यावर भरतो आणि लिफ्ट नाही. कंबरेच्या रुग्णांसाठी हे अक्षम्य आहे. दुसरे असे की, घरी ऐकायला दिलेले ध्वनिमुद्रण बोजड पुस्तकी मराठीत आहे. माझ्या शेजारी बसणाऱ्या विडी कामगार बाई घरी तेलुगू बोलतात. सूप मांडीवर घेऊन वर्षानुवर्षे वाकून बसल्याने त्यांची मान कायम धरलेली असते, पण ते मुद्रण त्यांना अर्धेच कळायचे. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड मुद्रणाशिवाय हा उपक्रम अपुरा आहे, असे मी केंद्राला लेखी कळवले. त्यानंतर मॅडमनी त्या बाईंच्याच मुलीकडून तेलुगू वाचन करून घेतले आणि ते आता दिले जाते. कन्नड अजून व्हायचे आहे, आणि जिना तसाच आहे.